उंची सोळापट, भानगड चार हजारपट

वॉरहॅमर ४०,००० या खेळातला साधा शिपाई साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच असतो. त्याच खेळासाठी २०१५ मध्ये 'वॉरलॉर्ड टायटन' नावाचा एक अजस्र यंत्रमानव बाजारात आला, तो ५६ सेंटिमीटरच्या घरातला. टेबलावर उभा केला की समोर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. ५६ ला साडेतीनने भागलं की १६ येतात. म्हणजे हा गडी शिपायाच्या १६ पट मोठा, असं आपण सहज म्हणून जातो आणि तिथेच फसतो.

सोळापट आहे ती फक्त उंची. अंगाचा पृष्ठभाग म्हणजे १६ गुणिले १६, २५६ पट. आणि आकार तसाच ठेवून भरीव ओतला, तर लागणारा माल १६ चा घन, म्हणजे ४,०९६ पट. आठवीत वर्ग आणि घन पाठ करताना 'हे पुढे कुठे कामाला येणार?' असं विचारणारा मीच होतो. मोठी मॉडेलं इतकी महाग का, ती घोट्यातच का मोडतात, रंगवता रंगवता वर्ष का उलटतं, या सगळ्याचं मूळ मला पुढे याच तीन आकड्यांत सापडलं.

ज्यांनी वॉरगेमिंग हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेवणाच्या टेबलाएवढ्या पाटावर पडके वाडे, भिंती, टेकाडं मांडायची. दोघांनी आपापल्या फौजा उतरवायच्या. बुद्धिबळासारखी घरं नसतात, कोण किती सरकणार ते इंचांच्या टेपने मोजायचं, आणि गोळी लागली की हुकली ते फाशांवर ठरवायचं. फौजेतला प्रत्येक शिपाई सुट्या भागांत विकत मिळतो. तो कापून, चिकटवून, रंगवून तयार करायचं काम आपलं. खेळ एका संध्याकाळचा, तयारी महिन्यांची. वॉरहॅमर ४०,००० हा यातला सगळ्यात गाजलेला खेळ. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने तो १९८७ मध्ये आणला. कुणी रोमशी लढलेल्या हॅनिबलचे हत्ती घेऊन खेळतं, कुणी दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, तर कुणी आपल्या जालन्याजवळची १८०३ ची असईची लढाई पुन्हा मांडतं. हत्ती असो की यंत्रमानव, मोठ्या जिनसाची कटकट सगळीकडे तीच.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण प्रमाणाची फिकीर करत नाही. मावळा तटबंदीहून उंच, वाघ गुहेत मावत नाही, महाराजांच्या सिंहासनाखाली अर्धा गड झाकला जातो, आणि तरी किल्ला झकास दिसतो. वॉरगेमिंगवाल्यांचा मात्र हट्ट असतो की शिपाई खऱ्या माणसाच्या सुमारे ५६ व्या हिश्श्याचा असेल, तर रणगाडाही त्याच हिश्श्याचा हवा आणि काल्पनिक यंत्रमानवसुद्धा. या हट्टापायीच ५६ सेंटिमीटरचं धूड जन्माला येतं.

आता पैशांचं. मोठी मॉडेलं दोन तऱ्हेने बनतात. पहिली तऱ्हा प्लास्टिकची. पोलादी साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने भरतात. तो साचा कोरायला लाखो रुपये लागतात, पण एकदा कोरला की नग कितीही काढा, प्रत्येकामागे खर्च नगण्य. हजारोंनी खपेल त्याच वस्तूला हे परवडतं. २००७ मधला बेनब्लेड हा महारणगाडा आणि २०१४ मधला इम्पीरियल नाइट हा मध्यम उंचीचा यंत्रमानव असे प्लास्टिकमध्ये आले. दुसरी तऱ्हा रेझिनची. इथे साचा सिलिकॉन रबराचा, स्वस्त आणि झटपट बनणारा. पण काही डझन नग ओतले की तो झिजतो, आणि दर वेळी दोन रसायनं मिसळून माणसाला हाताने ओतावं लागतं. खप कमी आणि आकार प्रचंड असेल तर हीच तऱ्हा परवडते, आणि तिच्यात मालाचा खर्च थेट त्या घनाच्या हिशोबाने वाढतो. वॉरलॉर्ड रेझिनचा. हत्यारांसकट त्याचा हिशोब हजार पौंडांच्या वर जातो.

वर आपल्याकडे आयातशुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. पार्सल कोणत्या वर्गात धरलं जातं त्यावर प्रत्यक्ष आकडा बदलतो, पण पुण्यात बसून रेझिनचा टायटन मागवायचा म्हणजे कुरिअरवाल्याने पुढे केलेल्या कागदावरची बेरीज घरच्यांना दिसू न देण्याची कला अंगी हवी.

म्हणून बरेच जण जुन्या मालाकडे वळतात, मीही वळलो. जुनं घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, भाग पूर्ण आहेत का. तीस-चाळीस तुकड्यांतला एक गुडघा गायब असेल तर तो सुटा मिळत नाही. दुसरं, माल मूळचा आहे की मूळ मॉडेलवरून साचा काढून केलेली नक्कल. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. नकलेवरून नक्कल काढत गेलं की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा बारीक होते, आणि सगळे भाग सारखे आकसत नाहीत. लहान शिपायात हे कळतही नाही. मोठ्या मॉडेलात मांडी आणि कंबर यांच्यात नखभर फट पडते. आधीच्या मालकाने फासलेला रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन प्लास्टिकच्या मॉडेलला चुकूनही लावू नका, ते रंगाबरोबर मॉडेलही विरघळवतं.

जोडणी हा यातला माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात मनस्तापाचा भाग.

रेझिनचे भाग हातात आले की आधी त्यांना अंघोळ. साच्यातून सहज सुटावेत म्हणून त्यांच्यावर एक तेलकट थर असतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून जुन्या टूथब्रशने तो काढला नाही, तर पुढे ना गोंद धरतो ना रंग. मग वाकडे भाग. लांब तोफांच्या नळ्या हमखास केळीसारख्या वाकलेल्या येतात. चहाचं आधण उकळायच्या बेतात येतं तेवढं गरम पाणी घ्यायचं, नळी मिनिटभर बुडवायची, मऊ झाली की सपाट फरशीवर सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. पातेलं जुनं घ्यावं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. उष्णतेने सरळ झालेली गोष्ट उष्णतेनेच पुन्हा वाकते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली तोफ संध्याकाळपर्यंत मान टाकते.

घासकाम ओलं करावं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं तर भुकटी हवेत उडत नाही. रेझिनची भुकटी छातीत जायची गोष्ट नाही. कोविडनंतर घरात उरलेले एन-९५ मास्क मी यातच संपवले.

आणि मग सांधे. इथे ते वर्ग-घनाचं गणित अक्षरशः अंगावर येतं. मॉडेल दुप्पट उंच केलं की वजन आठपट होतं. पण घोट्याच्या सांध्याचं, म्हणजे गोंद लागतो त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ वाढतं चारपटच. म्हणजे दर चौरस मिलिमीटर गोंदावर दुप्पट भार. सोळापट उंचीला सोळापट भार. हत्तीचे पाय हरणासारखे काटकुळे का नसतात, याचंही कारण हेच. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांचं चित्र काढून हे समजावलं होतं. मॉडेल घडवणाऱ्याला मात्र यंत्रमानव ऐटबाज दिसायला हवा असतो, म्हणून तो त्याला बारीक घोटे देतो. सगळा भार त्या घोट्यांवर.

माझा पहिला रेझिनचा मोठा पुतळा मी नुसत्या फेविक्विकवर उभा केला होता. आठवडाभर छान उभा राहिला. मग कामवाल्या मावशींनी टेबल थोडं सरकवलं आणि तो उजव्या घोट्यातून सुटून सरळ पुढे नाक घासत पडला. 'मी हात पण लावला नाही हो,' मावशी म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. फेविक्विकच्या जातीचा गोंद सरळ ताण सोसतो, हिसका सोसत नाही, काचेसारखा तडकतो.

उपाय म्हणजे आत सळई घालणं. हा प्रकार नीट सांगतो, कारण तो एकदा हाताला बसला की पुढची वर्षानुवर्षं कामाला येतो. बोटांनी फिरवायचं छोटं हातगिरमिट मिळतं. पायाच्या टोकाला मधोमध भोक पाडायचं. आता समोरच्या भागात, पावलात, नेमकं त्याच जागी भोक हवं, आणि अंदाजाने पाडलं तर ते हटकून चुकतं. म्हणून पहिल्या भोकाच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा, दोन्ही भाग एकमेकांवर टेकवायचे, ठसा उमटतो तिथे दुसरं भोक पाडायचं. मध्ये पितळी तार. लहान सांध्याला ऑफिसातली यू-पिन सरळ करून घातली तरी चालते, कंबरेला तीन मिलिमीटरची सळई हवी. गोंद म्हणून अॅराल्डाइट. तो सावकाश घट्ट होतो, त्यामुळे पाय थोडा इकडेतिकडे करून तोल बघायला वेळ मिळतो. रात्रभर रबरबँड लावून पुस्तकांच्या आधाराने उभं ठेवायचं. फट राहिलीच तर एम-सील किंवा त्याहून मऊ, बारीक कामाची इपॉक्सी पुट्टी.

प्लास्टिकला यातलं फारसं काही लागत नाही. पॉलिस्टायरीनचा पातळ सिमेंट-गोंद प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात, डाग दिल्यासारखे. शिवाय मोठी प्लास्टिक मॉडेलं आतून पोकळ असतात. हे पोकळपण महत्त्वाचं. भिंतीची जाडी तेवढीच ठेवली तर पोकळ मॉडेलचं वजन पृष्ठभागाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे घनाऐवजी वर्गाने, आणि घोट्यावरचा भार आपोआप आटोक्यात राहतो. घरी थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये मोठे भाग छापणारेही म्हणूनच आतून पोकळ छापतात, दोन-तीन मिलिमीटरची भिंत ठेवून. फक्त खालच्या बाजूला निचऱ्याची भोकं ठेवायला विसरू नये. आत कोंडलेलं कच्चं रेझिन काही महिन्यांनी भिंत तडकवून चिकट पाझरत बाहेर येतं. तोवर तुमचं ते रंगवूनही झालेलं असतं.

चुंबकांचं एक सांगायलाच हवं. नाइटला हाताच्या जागी तोफ, करवत, पंजा अशी वेगवेगळी हत्यारं मिळतात, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. कायमची चिकटवली तर एकाच हत्याराशी लग्न. म्हणून खांद्यात आणि हत्यारात पाच मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक बसवतात. हवं ते हत्यार टचकन लावा, टचकन काढा. मी उत्साहात दोन्ही खांद्यांचे चुंबक एका बैठकीत बसवले, अॅराल्डाइट वाळू दिलं आणि सकाळी तोफ लावायला गेलो तर ती खांद्यापासून दूर पळते. ध्रुव उलटा! तेव्हापासून सगळे चुंबक एकाच चळतीत ठेवतो, वरच्या तोंडावर मार्करने टिंब करतो, आणि टिंब खांद्यात बाहेर, हत्यारात आत, हा नियम पंचांगासारखा पाळतो.

रंगाबद्दल थोडक्यात. २५६ पट पृष्ठभाग ब्रशने भरायला बसलात तर ब्रशचे फराटे दिसतातच, कारण शिपायाच्या चिलखताची पट्टी तांदळाएवढी असते आणि टायटनची पोस्टकार्डाएवढी. म्हणून एअरब्रश, आणि सगळं जोडायच्या आधी हात, धड, सांगाडा वेगवेगळे रंगवणं. कोकणपट्टीत राहत असाल तर जुलैमध्ये प्रायमरचा स्प्रे हातात घेऊ नका. दमट हवेत तो खडबडीत बसतो, बुरशी आल्यासारखा. एक गंमत मात्र मोठ्याच मॉडेलात कळते. सपाट, एकरंगी रंगवलेला टायटन खेळण्यासारखा दिसतो. डोळा आकार ठरवतो तो ओळखीच्या बारीक गोष्टींवरून: शिडी, दार, रिव्हेट, पायरीवर झिजलेला रंग. पावलापाशी एक साधा शिपाई चिकटवला की तेच धूड एकदम सात मजली वाटायला लागतं.

हे सगळं करून टेबलावर उतरवलं, की पुढे काय? बहुतेक वेळा हार, निदान सुरुवातीला. नेहमीचा मोठा सामना २,००० गुणांचा असतो. प्रत्येक जिन्नस गुणांनी विकत घ्यायचा. नाइट साधारण ४०० गुणांचा, म्हणजे एकटाच फौजेचा पाचवा हिस्सा. वॉरलॉर्ड तर २,००० मध्ये बसतच नाही. आणि सामना मारामारीवर कमी, जागा धरण्यावर जास्त ठरतो. टेबलावर साधारण पाच-सहा मोक्याच्या खुणा असतात आणि ज्याची माणसं तिथे, त्याला गुण. महाकाय एका वेळी उभा राहणार एकाच ठिकाणी. तेवढ्या गुणांचे चाळीस शिपाई चार खुणा धरून बसतात.

त्याच्या बाजूनेही एक हिशोब आहे. दहा शिपायांतले पाच पडले की मारा निम्मा होतो. नाइटची निम्मी ताकद संपली तरी त्याची तोफ पूर्ण जोरात चालते, जवळजवळ शेवटापर्यंत. म्हणून त्याच्यावर केलेला अर्धवट मारा फुकट जातो. नाइट एकतर पूर्ण पाडावा, नाहीतर त्याच्याकडे दुर्लक्ष करून खुणा धराव्यात. जाणते खेळाडू दुसरं करतात, आणि आपला महाकाय एकटाच रिकाम्या मैदानात गोळे फेकत बसतो.

शिवाय त्याला लपता येत नाही. या खेळात कोण कुणाला दिसतं ते खरोखर वाकून, मॉडेलच्या डोळ्याच्या पातळीवरून बघायचं असतं. पडक्या भिंतीमागे शिपाई दडतो, नाइटचं डोकं वर राहतं. तो सगळ्यांना बघतो, सगळे त्याला. २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत अशा उंच मॉडेलांना अवशेषांच्या आरपार बघता येईल असा वेगळा नियम होता. त्याने सामने इतके एकतर्फी झाले की काही महिन्यांतच त्याला कात्री लावावी लागली.

खरी गोची त्याहून खोल आहे. शिपाई ५६ व्या हिश्श्याचा आहे, पण जमीन नाही. शिपायाच्या बंदुकीचा पल्ला २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. त्याला ५६ ने गुणा: सुमारे ३४ मीटर. भविष्यातली महाभयंकर बंदूक, आणि गोळी वानखेडेच्या सीमारेषेपर्यंत पोचत नाही! जमीन खऱ्या प्रमाणात घ्यायची तर टेबल हॉलच्या बाहेर जाईल, म्हणून ती गुपचूप आकसलेली असते. शिपायांपुरतं हे खपतं. पण बेनब्लेडच्या मुख्य तोफेचा पल्ला ७२ इंच, आणि ४४ बाय ६० इंचांच्या टेबलाचा कर्णच ७४ च्या आसपास. कोपऱ्यात उभा राहून तो जवळजवळ सगळं टेबल झोडपतो. मोठं मॉडेल आलं की आकसलेली जमीन उघडी पडते.

यावर कंपनीनेच दोन उलटसुलट उतारे काढले. २००७ मध्ये 'अपोकॅलिप्स' हा प्रकार आणला: फौजा अवाढव्य, टेबलं जोडून जोडून, दिवसभराचा खेळ. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८८ मध्ये, 'अडेप्टस टायटॅनिकस': टायटनच इवलासा करायचा. २०१८ मध्ये तो नव्या रूपात परत आला, तिथे टायटन साधारण चौथ्या हिश्श्याचा आहे. चौथा हिस्सा उंची, म्हणजे चौसष्टावा हिस्सा माल. इतका शहाणा तोडगा असूनही लोक ५६ सेंटिमीटरवाल्याकडेच बघत उभे राहतात. मीही.

माझ्याकडे तो नाही. नाइट आहे, १७० बाय १०९ मिलिमीटरच्या लंबगोल तळावर उभा. त्याला मित्राकडे न्यायचं तर हत्यारं चुंबकावरून काढून रुमालात, धड वेगळं, पाय वेगळे, आणि सगळं तळाशी पत्रा चिकटवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात. तळाखालीही चुंबक आहेत, त्यामुळे रिक्षाच्या गचक्यांत डबा हलतो, नाइट हलत नाही. घरी त्याची जागा शोकेसमध्ये आहे. घेताना मी लांबी-रुंदी मोजली होती, उंची मोजायची राहिली. पाठीवरचा क्षेपणास्त्रांचा डबा वरच्या फळीला लागतो, म्हणून तो काढून पायाशी ठेवलाय, आणि पाहुणे विचारतात की हा कशावर पाय देऊन उभा आहे.